खिडकीजवळचा खिळा

इकोंडवे, टांझानिया
सोमवार, १० जून २०२४

ती. आईस,

साष्टांग नमस्कार घालायला इथे जागा नाही. मच्छरदाणीच्या आत पलंगावर बसून लिहितोय, तेव्हा बसल्याजागीच नमस्कार समज.

दोन दिवस गाडीत हाडं खिळखिळी करून घेत पोचलो. हॉस्पिटल डोंगरावर आहे, भोवती चहाचे मळे, आणि तू म्हणालीस तेच खरं निघालं: इथे थंडी आहे. आफ्रिकेत स्वेटर कशाला, म्हणून मी तो सोफ्यावर ठेवून आलो. आता आमच्या टीमचे प्रमुख डॉ. ब्रेनर यांचं जाकीट घालून हिंडतो. ते सहा फूट चार इंच, त्यामुळे जाकीट माझ्या गुडघ्यापर्यंत येतं. आधी पोटभर हसून घे, मग पुढचं वाच.

इथे फोन लागत नाही. हॉस्पिटलची गाडी बुधवारी आणि शनिवारी, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, खाली गावात जाते. ड्रायव्हर माझा फोन बरोबर नेतो. तिथे नेटवर्क मिळालं की माझ्या कागदाचा फोटो तुमच्याकडे जातो आणि तुमचा इकडे येऊन पडतो. तू नाहीतरी मोबाइलवर टाइप करत नाहीस, तेव्हा कागदावरच लिही आणि तुझ्या नातीला, मैत्रेयीला, फोटो काढायला सांग. मी हॉस्टेलवर असताना तू पाठवायचीस त्या निळ्या अंतर्देशीय पत्रांची आठवण झाली.

आम्ही आठ जण आहोत. सगळे आपल्या शेजारच्या फ्राऊ हाफनर यांच्या चर्चतर्फे आलेले. त्यांत हिंदू मी एकटा, आणि वैद्यकातलं ओ की ठो कळत नाही असाही मी एकटाच. सकाळी सातला प्रार्थना असते. काय गातात गं ही माणसं! पाहुण्यांनी दोन शब्द बोलायचे अशी इथली रीत आहे. माझी पाळी आली. बायबल मला येत नाही. मग तू ड्यूटीला निघताना दारात उभी राहून जे म्हणायचीस, तेच म्हटलं: "हाताला यश दे." पाद्रीबाबांनी त्याचं स्वाहिलीत करून सांगितलं आणि सगळे "आमेन" म्हणाले.

आता कामाचं. नवजात बाळांच्या खोलीत हवेतून ऑक्सिजन काढून देणारी चार मशीनं आहेत. त्यांतलं एक चालू, तीन बंद. ती सुरू करणं हेच माझं काम. प्रसूती विभाग सांभाळणाऱ्या सिस्टर अनेथ यांना मी विचारलं, "एकच मशीन आहे आणि दोन बाळांना एकदम लागलं, तर?" त्या म्हणाल्या, "मग मी निवडते." एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

आई, सत्तावीस वर्षं मी स्टुटगार्टमध्ये गाड्यांच्या ब्रेकचे पार्ट तपासतोय. इथे येण्याआधी तिथल्या एका हॉस्पिटलच्या टेक्निशियनकडे दोन शनिवार बसून ही मशीनं शिकलो. परतीला चार आठवडे आहेत. त्या बाईंवर पुन्हा निवडायची वेळ येऊ नये, एवढं मला करायचंच आहे.

तुझा,
उल्हास


स्टुटगार्ट
गुरुवार, १३ जून

चि. उल्हास,

अनेक आशीर्वाद, त्यातला एक खास तुझ्या अकलेला. स्वेटर सोफ्यावरच आहे. येता-जाता त्याच्याकडे बघते.

इकडे तुझ्या घरी सगळं ठीक. या आठवड्यात जिना झाडायची पाटी आपल्या दारावर लागली होती. केरवोखं म्हणतात म्हणे; नावातच केर आहे, मला लगेच पाठ झालं. सूनबाई अरुंधती ऑफिसात, म्हणून मी झाडला. वरच्या मजल्यावरचे आजोबा खाली येऊन कोपरे बघून गेले आणि "गूट" म्हणाले. चौतीस वर्षं मेट्रनच्या नजरेखाली काढली मी, आणि आता मला जिन्याचं सर्टिफिकेट मिळतंय.

आज फ्राऊ हाफनर मला त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये घेऊन गेल्या. दहा-बारा म्हाताऱ्या पांढऱ्या सुताच्या लांब पट्ट्या विणत बसल्या होत्या. बघते तर काय, आमच्या मिशन हॉस्पिटलात कुष्ठरोग्यांसाठी जर्मनीहून यायची ती बँडेजं! हातात घेतल्याबरोबर ओळखली. किती धुतली, किती उकळली, याचा हिशेब नाही. मी अरुंधतीला फोन लावला आणि तिला जर्मनमध्ये सांगायला लावलं की ही बँडेजं मी बारा वर्षं वापरली आहेत, आणि ती शंभरदा उकळली तरी सैल पडत नाहीत. एक बाई उठल्या आणि त्यांनी माझा हात धरला. पन्नास वर्षं विणताहेत म्हणे. ज्याने ती वापरली असं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं. मग आम्ही सगळ्यांनी केक खाल्ला. मी दोन तुकडे खाल्ले, हे अरुंधतीला सांगू नकोस.

तुझ्या बायकोने केस कापले. एवढी लांब वेणी, आता मानेवर आलेत. मी काही बोलले नाही. इथे चालतं.

आता नीट वाच. एकोणऐंशी साली आमच्याकडे तीन आठवड्यांसाठी परदेशातून एक मिस आल्या होत्या. स्वभावाने सोन्यासारख्या. त्यांनी आमच्या लेबर रूमचं कपाट लावून दिलं. काय सुंदर लावलं! त्या गेल्या आणि आम्ही पुढचे सहा महिने कात्री शोधत होतो. तू मोज्यांच्या कप्प्यालाही लेबल लावणारा माणूस. म्हणून बजावून सांगते: मशीन दुरुस्त कर, पोटभर जेव, प्रार्थनेला बस. त्यांच्या कपाटाला हात लावू नकोस.

आई


इकोंडवे
शनिवार, १५ जून

ती. आईस,

ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, म्हणून घाईत.

पहिल्या मशीनचा कपॅसिटर जळलाय. नवा गावातून यायला बुधवार उजाडेल. तोवर नुसते हात चोळत बसायचं? मग मी त्यांचं स्टोअर उघडलं. आई, काय सांगू! टाके घालायचा दोरा दूध पावडरच्या डब्यात. हातमोजे जमिनीपासून हातभर उंचीवर. बाळाच्या तोंडावर धरून हवा द्यायचे मास्क चार निरनिराळ्या ठिकाणी, त्यातला सर्वांत लहान तर लेबर रूममध्ये खिडकीजवळच्या खिळ्याला लटकवलेला! आमच्या कंपनीत एखाद्या सप्लायरकडे मी असं बघितलं असतं, तर त्याचं ऑडिट तिथेच थांबवलं असतं.

दोन दिवस खपून सगळं लावलं. एका जातीच्या वस्तू एका जागी. मास्क नंबरवार. प्रत्येक वस्तूच्या जागेभोवती मार्करने तिची आकृती. घरून आणलेल्या लेबल प्रिंटरवर इंग्लिश आणि स्वाहिलीत लेबलं. डॉ. ब्रेनर "वुंडरबार!" म्हणाले आणि चर्चच्या पत्रिकेसाठी त्यांनी फोटो काढले. सिस्टर अनेथ "सावा" म्हणाल्या, म्हणजे "ठीक". आणि हसल्या. मला फार बरं वाटलं.

निघाला तो. नमस्कार.

उल्हास


स्टुटगार्ट
रविवार, १६ जून

उल्हास,

तुझं पत्र आणि माझं पत्र वाटेत एकमेकांना ओलांडून गेलं. तू कपाट लावून मोकळा झालास, आणि मी इथे कपाटाला हात लावू नकोस म्हणून बसले.

ती हसली, म्हणालास. कशी हसली? दात दिसले का? मी त्या मिसकडे बघून अशीच हसले होते. पाहुणा म्हणजे देव, देवाला नाही कसं म्हणायचं? दर नाताळला तिला कार्डही पाठवायचो आम्ही. "तुमचं कपाट छान चाललंय" असं लिहायचो.

जा आणि त्या सिस्टरना विचार.

आई


इकोंडवे
बुधवार, १९ जून

ती. आईस,

आनंदाची बातमी! कपॅसिटर काल चहाच्या एका ट्रकमधून आधीच आला आणि पहिलं मशीन सुरू झालं. ऑक्सिजन मोजला: ९३ टक्के. सिस्टर अनेथ यांनी मशीनवर हात ठेवला, त्याची घरघर ऐकली आणि मला चपाती खायला बोलावलं. इथेही चपातीला चपातीच म्हणतात, तुझ्याइतकी पातळ नसते एवढंच. दुसऱ्या मशीनची नळी तडकली आहे, तीही होईल.

कपाटाचं सगळं ठीक आहे. दात दिसले होते, मला वाटतं. विचारायला अजून सवड झाली नाही.

हवा छान आहे.

उल्हास


इकोंडवे
शनिवार, २२ जून

ती. आईस,

मागच्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. सवड भरपूर होती, धीर नव्हता.

आता खरं सांगतो. परवा सकाळी नऊच्या सुमाराला जुळी झाली. पहिली मुलगी, आल्याआल्या रडली. दुसरा मुलगा. तो रडेना. मी शेजारच्या खोलीत मशीनला नळी बसवत होतो, मधलं दार उघडं होतं. सिस्टर अनेथ यांनी एक हात बाळाच्या पाठीवर ठेवला आणि दुसरा हात न बघता मागे नेला, खिडकीजवळच्या खिळ्याकडे. खिळा रिकामा होता.

तो हात तसाच हवेत राहिलेला मला अजून दिसतो, आई.

मास्क माझ्या सुंदर कपाटात होता. स्टोअरमध्ये, बी-चार नंबरच्या खणात, स्वच्छ, लेबलासकट. मीच धावलो. स्टोअरला कुलूप होतं, किल्ली छोट्या नर्सकडे, रेहेमाकडे, ती बाहेर पाणी आणायला गेलेली. मास्क आणून दिला तोवर किती वेळ गेला असेल? आयुष्यभर मी सेकंद मोजून पोट भरलं, आणि तेव्हा मला मोजता आलं नाही. सिस्टर तोवर बाळाची पाठ चोळत होत्या, स्वच्छ फडक्याने त्याचं तोंड पुसत होत्या, त्याच्याशी काहीतरी बोलत होत्या. मास्क लावला, चार-पाचदा हवा दिली, आणि तो रडला. असा रडला की बाहेर बसलेल्या त्याच्या आजीने नाचायलाच सुरुवात केली.

दोघं ठणठणीत आहेत. तेव्हा मात्र लगेच दोघांनाही ऑक्सिजन लागला. दोन मशीनं होती, म्हणून सिस्टरना निवडावं लागलं नाही. सगळे माझे आभार मानत होते. आजीने तर मला मिठी मारली. आणि मी त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत उभा होतो. आभार सिस्टरनीही मानले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता मी काय करू?

उल्हास


स्टुटगार्ट
रविवार, २३ जून

माझ्या बाळा,

दोन्ही लेकरं रडली ना? मग आधी त्याचा आनंद कर. मी इथे शिरा केला आणि फ्राऊ हाफनरनाही नेऊन दिला. जुळ्यांचा शिरा म्हणून सांगितलं. त्यांना कितपत कळलं कोण जाणे, पण त्यांनी वाटी चाटूनपुसून परत दिली.

तुला रडू येत असेल तर रड, पण चर्चच्या लोकांसमोर माफीचं भाषण करू नकोस. भाषण केलंस की त्या बाईंना तुझी समजूत घालत बसावं लागेल, आणि त्यांना कामं आहेत. फक्त त्यांच्याकडे जा आणि विचार: "हे पूर्वीसारखं लावायचंय. तुम्ही सांगा, मी ठेवतो." त्यांनी बोलायचं आणि तू हात चालवायचे. आणि प्रत्येक वस्तू ठेवताना विचार, ही इथेच का? आमच्या त्या मिसने एवढं एक विचारलं असतं ना, तर मी तिला अख्खी रात्र बसून सांगितलं असतं. कुणीतरी विचारावं म्हणून मी तेव्हा फार वाट बघितली होती.

तू वाईट माणूस नाहीस. घाईचा आहेस. लहानपणी वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्त्या गाणं संपायच्या आत विझवायचास.

आई


इकोंडवे
शनिवार, २९ जून

ती. आईस,

केलं. तू सांगितलंस तस्संच केलं.

सिस्टर अनेथ यांना विचारलं. मग त्या स्टोअरमध्ये स्टूल घेऊन बसल्या, पदर खोचतात तसा ॲप्रन खोचला आणि म्हणाल्या, "दोरा." मी दोरा उचलला. "दुधाच्या डब्यात." का? खोक्यातला दोरा उंदीर कुरतडतात, पत्र्याला त्यांचे दात लागत नाहीत. हातमोजे खाली का? कारण रेहेमा साडेचार फूट आहे, आणि अर्ध्या ड्यूट्यांना ती एकटी असते. झटके थांबवायचं इंजेक्शन दारामागे का? कारण झटके आले की बाई खाटेवर असते आणि नर्स दारातून धावत येते, तिला उलटं वळायला लागू नये.

आणि खिडकीजवळचा खिळा? वीज गेली की त्या खोलीत उजेड येतो तो त्या एकाच खिडकीतून. खिळा टेबलापासून बरोबर एका हाताच्या अंतरावर आहे. दुसरा हात बाळावरून काढावा लागत नाही. सिस्टरनी आधी तो वीतभर वर ठोकला होता, मग खाली घेतला, मग डावीकडे. भिंतीवर जुन्या खिळ्यांची तीन भोकं आहेत. मी लेबलं लावत होतो तेव्हा मला ती दिसली होती. मी ती पुट्टीने बुजवणार होतो!

आई, आमच्या कंपनीत असल्या गोष्टींसाठी सल्लागार बोलावतात आणि ते सहा महिने भिंतींचे फोटो काढत बसतात. या बाईंनी हे एकटीने, अकरा वर्षांत, खिळा इकडून तिकडे करत केलंय. मी त्यांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं." आणि मग तासभर थांबल्याच नाहीत. तू बसून सांगितलं असतंस ना, तसंच.

एक कप्पा रिकामा राहिला. त्यात काय ठेवायचं, विचारलं. त्या थोड्या लाजल्या. म्हणाल्या, "तो पाहुण्यांचा. पाहुणे जे आणतात ते तिथे ठेवतो. ते गेले की बघतो काय करायचं." मी मुकाट्याने माझा लेबल प्रिंटर त्यात ठेवला. वर माझी स्क्रूड्रायव्हरची पेटी ठेवली. रेहेमा भिंतीला टेकून हसत सुटली, मग सिस्टर हसल्या. या वेळी दात दिसले. मोजले तर बत्तीस भरतील.

उल्हास


स्टुटगार्ट
सोमवार, १ जुलै

उल्हास,

हे पत्र माझं. आईंना माहीत नाही.

तुझं शनिवारचं पत्र त्यांनी काल जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. फ्राऊ हाफनर मुद्दाम आल्या होत्या, मी जर्मनमध्ये सांगत होते. फ्राऊ हाफनर मान डोलावत "गेनाऊ, गेनाऊ" म्हणत डोळे पुसत होत्या. आणि 'हातमोजे खाली का' इथे आल्यावर माझा आवाज अडखळला. रडू नव्हे, हसू आवरत होते.

कारण तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी आईंनी आपलं स्वयंपाकघर लावलं.

मी ऑफिसातून आले तर एक वस्तू जागेवर नाही. तांदूळ, कणीक, डाळी खालच्या खणात होत्या ना? धान्य पायाशी ठेवू नये, म्हणून सगळं वरच्या कपाटात. कुकर वर. मसाल्याचा डबा फ्रिजच्या डोक्यावर. पोळपाट कुठे आहे ते मला आजतागायत सापडलेलं नाही; पोळ्या त्याच करतात. कमरेवर हात ठेवून त्या इतक्या आनंदाने उभ्या होत्या की मी म्हटलं, "वा, आई, किती छान!" आणि हसले. दात दाखवून.

म्हणजे ज्या पत्रात त्या तुला 'कपाटाला हात लावू नकोस' असं बजावत होत्या, ते पत्र त्यांनी माझ्या त्या नव्याने लावलेल्या ओट्याशीच बसून लिहिलं. मी रागावलेली नाही. रोज स्टूल ओढत हसते. सांगायचं की नाही, ते तू ठरव.

मैत्रेयीने तुझा स्वेटर घातलाय. परत देणार नाही म्हणते, तेही जर्मनमध्ये.

अरुंधती


इकोंडवे
बुधवार, ३ जुलै

ती. आईस,

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ही म्हण मला कुणी शिकवली होती गं?

आई, माझा मसाल्याचा डबा फ्रिजच्या डोक्यावर गेल्याची खबर मला विषुववृत्ताच्या खाली लागली आहे. एकोणऐंशीची ती मिस आता स्टुटगार्टच्या तिसऱ्या मजल्यावर राहते, आणि तिने साडी नेसली आहे, असंही ऐकतो. तुझंच औषध तुला देतो: भाषण करायचं नाही. अरुंधतीला स्टूलवर बसव, तिने बोलायचं, तू हात चालवायचे. आणि प्रत्येक वेळी विचारायचं, ही इथेच का?

इकडची बातमी: दुसरं मशीनही झालं. तिसऱ्याचा जीव गेलेला आहे, पण त्याचे पार्ट काढून नीट बांधून ठेवलेत. म्हणजे एकूण तीन चालू. रेहेमाला दर शुक्रवारी फिल्टर धुवायला शिकवलं. काल तिने माझ्याहून लवकर धुतला आणि माझ्या चुका मला दाखवल्या. सिस्टर अनेथ यांनी आज सकाळी प्रार्थनेत तुझं वाक्य म्हटलं. मराठीत! "हाताला येश दे." पाठ करत होत्या म्हणे, जुळ्यांपासून. त्यांना मी सांगितलंय की हे वाक्य माझ्या आईचं, आणि ती तुमच्यासारखीच सिस्टर होती. त्यांनी विचारलं, "तिचा खिळा कुठे होता?" मला सांगता आलं नाही. लिहून कळव.

आणि हे शेवटचं. आज सामान भरायला स्टोअरमध्ये गेलो. पाहुण्यांच्या कप्प्यात लेबल प्रिंटर होता, पण माझा मोठा स्क्रूड्रायव्हर नव्हता. वाटलं, हरवला. मशीनच्या खोलीत गेलो तर भिंतीवर नवा खिळा, आणि त्याला स्क्रूड्रायव्हर टांगलेला. खाली खडूने माझं नाव. सिस्टर दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "तो इथेच राहू दे. पुढच्या वर्षी शोधायला लागायला नको."

आई, मला सत्तावीस वर्षांत तीन ॲवॉर्ड मिळाली, ती कुठल्या खणात आहेत हे लेबल असूनही मला आठवत नाही.

सोमवारी दुपारी घरी. नमस्कार, या वेळी साष्टांग. खोलीतल्या सगळ्या पेट्या बाहेर गेल्यात, जागा झाली आहे.

उल्हास


स्टुटगार्ट
शुक्रवार, ५ जुलै

चि. उल्हास,

घे, कान धरले. हे पत्र लिहायला एक हात मोकळा ठेवलाय.

तुझं पत्र वाचून मी तशीच उठले आणि अरुंधतीला स्टूलवर बसवलं. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, "बोल. तांदूळ?" "खालच्या खणात, आई." "धान्य पायाशी का?" ती म्हणाली, "तिथलं घेता येतं मला." मी म्हटलं, वरचं का नाही घेता येत, एवढी उंच तू! तिने उजवा हात उचलून दाखवला. खांद्याएवढाही वर जाईना, उल्हास. चेहरा पांढरा पडला तिचा.

जानेवारीपासून खांदा धरलाय. कुणाला बोलली नाही. तुला सांगितलं असतं तर तू जाणं रद्द केलं असतंस, आणि इतक्या वर्षांत तुला एवढं उत्सुक तिने पाहिलं नव्हतं. मला सांगितलं असतं तर मी इथे आराम करायला आले त्याऐवजी सगळं अंगावर घेतलं असतं. आणि केस! फॅशन नव्हे रे. हात मागे जात नाही, वेणी घालता येत नाही, म्हणून कापले. चौतीस वर्षं नर्स होते मी. समोरचं माणूस डाव्या हाताने वाढतंय, स्टूल ओढतंय, आणि मी मनात म्हणत होते, इथे चालतं. धान्य पायाशी नको म्हणून मी माझ्या सुनेचा खांदा मोडत होते.

मी रडले. भाषण मात्र केलं नाही. मग आम्ही दोघींनी मिळून सगळं परत लावलं. तिने सांगितलं, मी ठेवलं. मसाल्याचा डबा ओट्यावर उजवीकडे, कारण तिथे कोपर उचलावं लागत नाही. तांदूळ खाली. देवाने त्याचं काय मानायचं ते मानावं, मी त्याच्याशी बोलून घेते. पोळपाट सापडला, तो मीच माझ्या बॅगेमागे ठेवला होता, का ते मला आठवत नाही.

डॉक्टरची वेळ मंगळवारची मिळाली, फ्राऊ हाफनरनी ओळखीने लवकरची मिळवली. तोवर मी गप्प बसत नाही. सकाळ-संध्याकाळ शेक, मग व्यायाम: भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं, दुखेल तिथे थांबायचं. मैत्रेयी पेन्सिलीने खूण करते आणि शेजारी तारीख घालते. आजी सांगते तेवढंच, जास्त नाही, असं तिने आईला दटावलंसुद्धा, आणि चक्क मराठीत. बुधवारपासून आज तीन बोटं वर गेलो आहोत. तिघी टाळ्या वाजवतो.

सिस्टर अनेथना कळव, माझा खिळा लेबर रूमच्या दाराच्या डाव्या चौकटीला होता. त्याला कात्री असायची. त्या मिसने ती काढून ड्रॉवरमध्ये ठेवली होती. पंचेचाळीस वर्षांत हे मला विचारणाऱ्या त्या पहिल्या.

सोमवारी ये. शिरा करते. आणि एक बजावून ठेवते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. घर भाड्याचं आहे हे मला माहीत आहे. तू आल्याआल्या ओलं फडकं शोधशील, हेही माहीत आहे. त्यांना हात लावू नकोस.

आई